कॉम्प्युटरचं कपाळ

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या घराण्यातली एकशे ब्याऐंशी माणसं नाहीशी केली. त्यांतली बरीचशी आधीच वारलेली होती, पण अण्णांच्या मते त्याने माझा गुन्हा कमी होत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. वीस वर्षं गिरणीत माग चालवले आणि म्हातारपणी एका बोटाने टायपिंग शिकून, आमच्या कांजूरमार्गच्या घरात बसून, अख्ख्या कुळाची वंशावळ कॉम्प्युटरवर उतरवली. अकरा महिने लागले! प्रत्येक नावापुढे कंसात त्या माणसाचं कर्तृत्व. 'तुकाराम (वैद्य)', 'विठोबा (उत्तम पोहणारा)', 'धाकटा विठोबा (विहिरीत पडला)'. माझ्या नावापुढे 'संगणकतज्ज्ञ' लिहा म्हणून मी त्यांच्या हात धुऊन मागे लागलो होतो. (ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढतो. दुसऱ्या कुणाला जमत नाही.) बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी ते लिहिलं. आता दसऱ्याला दुपारी चारच्या बसने गावी जायचं आणि दुसऱ्या दिवशी देवळात सगळ्या भावकीसमोर अण्णांनी वंशावळ वाचायची, असं ठरलं होतं. प्रिंट तेवढी काढायची राहिली होती. फाइलची दुसरी प्रत नव्हती. मी पेनड्राइव्ह सुचवला तेव्हा अण्णा म्हणाले होते, "एवढीशी वस्तू! हरवली तर खानदान हरवेल."

आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर अपडेट आलं.

"नको रे हात लावू," अण्णा म्हणाले. "चालतंय ना? मग चालू दे."

"अण्णा, अपडेट केलं नाही तर व्हायरस येतात. यातलं मला कळतं."

मी अपडेट केलं. ते गुणी बाळासारखं पूर्ण झालं आणि कॉम्प्युटर बंद झाला.

सकाळी पूजा. गिरणीत दसऱ्याला मागांची पूजा व्हायची, तेव्हापासून आमच्याकडे चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. मिक्सर, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, माझी स्कूटर. मॉनिटरला मी झेंडूची माळ घातली आणि खालच्या डब्याला टिळा लावायला बसलो.

"अहो, टिळा कुठे लावताय?" बायकोने, माधवीने, विचारलं.

"कपाळाला."

"त्याला कपाळ कुठलं?"

"ते समोर मधोमध गोल आहे ना, ते!"

गंध चांगलं दाट कालवलं होतं. त्यावर अक्षता अंगठ्याने दाबून बसवल्या. हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.

"आता मी उत्तरपूजा करेपर्यंत कुणी टिळ्याला बोट लावायचं नाही," आईने बजावलं. आईने बजावलं की आमच्या घरात माश्यासुद्धा ऐकतात.

मी भिंतीवरचं बटण दाबलं. (आमचा कॉम्प्युटर तेवढ्यावरच चालू होतो. ती सेटिंग मीच केली आहे!) पंखा फिरला, दिवा लागला, मॉनिटर उजळला... आणि सगळं गपकन बंद! भिंतीवरचं बटण पुन्हा बंद-चालू केलं. एक, दोन, तीन, चार... बंद! पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

"अपडेटने घात केला!" मी ओरडलो.

"अपडेट कोणी केलं?" अण्णांनी विचारलं.

मी गोवंडीच्या प्रकाशला फोन लावला. हा माझा ऑफिसातला दोस्त, आणि अशा बाबतीत माझाही गुरू.

"अरे संतोष, अपडेटनेच वाट लावली असणार," प्रकाश म्हणाला. "डबा उघड. रॅमची पट्टी काढ, खोडरबरने घास आणि परत लाव."

टिळ्याला धक्का न लावता मी डब्याचं बाजूचं झाकण काढलं. काय ती कसरत! अण्णांचं शब्दकोड्याचं खोडरबर घेतलं, पट्टी घासली, लावली, बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, बंद! पुन्हा घासली. सगळ्या वायरी काढून परत खोचल्या. माधवीने डब्यातली धूळ पुसली, मी फुंकर मारली, आणि उरलेली धूळ माझ्या डोळ्यांत गेली. एक, दोन, तीन, चार, बंद!

"मग हार्ड डिस्क उडाली रे," प्रकाश म्हणाला. "फाइल विसर."

फोन स्पीकरवर होता. अण्णा खुर्चीत बसले आणि आपल्या उजव्या हाताच्या त्या एका बोटाकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. अकरा महिन्यांचं काम मी 'यातलं मला कळतं' म्हणून बुडवलं होतं.

मग अण्णांनी गावी चुलतभावाला, दादाकाकांना, फोन लावला. दादाकाका देवळात गाऱ्हाणं घालतात. त्यांनी फोनवरच सुरुवात केली. आम्ही कॉम्प्युटरभोवती हात जोडून उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांच्या कॉम्प्युटराक जो काय अडथळो इलो आसा..."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"जा काय अपडेट-बिपडेट मध्ये येवन बसला आसा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

मी बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, बंद.

तोवर तीन वाजले. "बस चुकेल," आई म्हणाली. "मी उत्तरपूजा उरकून घेते." तिने मिक्सर हलवला, शिलाई मशीन हलवलं, मग ओल्या फडक्याने कॉम्प्युटरचा टिळा पुसायला वाकली.

"काय गं बाई, केवढं हे गंध! आणि ही बघ, एक अक्षत फटीत रुतून बसलीय." तिने केसांतली पिन काढली आणि तो तांदूळ उकरला.

टक्! ते गोल 'कपाळ' बाहेर आलं.

तेव्हा मला आठवलं, की ते गोल म्हणजे कॉम्प्युटर चालू-बंद करायचं बटण. आम्ही ते कधी वापरत नाही. सकाळी माझ्या अंगठ्याने आत गेलेलं ते बटण अक्षतेने तसंच धरून ठेवलं होतं, आणि ते चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो, हे संगणकतज्ज्ञाला माहीत असायला हवं होतं!

मी भिंतीवरचं बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात! पडदा उजळला. एकशे ब्याऐंशी माणसं जशीच्या तशी!

मी प्रकाशला पुन्हा फोन लावला. "चालू झाला?" तो ओरडला. "काय केलंस?"

"रॅम... रॅम नीट बसली," मी म्हणालो.

आईच्या तळहातावर तो तांदूळ होता. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग फाइल उघडली, एका बोटाने बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि प्रिंट काढली. बस मिळाली.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं होतं. अण्णांनी वैद्य वाचले, पोहणारे वाचले, विहिरीत पडलेले वाचले. मी सदरा नीट करून पुढे सरकून बसलो.

"संतोष," अण्णांनी खणखणीत आवाजात वाचलं, "कंसात, पूजा मनापासून करतो."

"होय म्हाराजा!" अख्खी भावकी एका सुरात म्हणाली. सवयीने मीही म्हणालो.