पाचवं पान

कोपरा फाडलेलं कार्ड टपालवाल्याने टेबलावर उलटं ठेवलं. तो बिचारा अशी सुतकाची कार्डं नेहमी उलटीच ठेवतो. मजकूर न वाचताच मी पत्ता पाहिला. अक्षर श्रीवर्धनच्या वहिनींचं, दाजीमास्तरांच्या पत्नीचं होतं, आणि वहिनींनी मला आजवर कधी पत्र लिहिलेलं नव्हतं. दाजीमास्तर गेले हे तेवढ्यावरूनच कळलं... कार्ड मी संध्याकाळपर्यंत सरळ केलं नाही.

दाजी श्रीवर्धनच्या शाळेत मास्तर होते आणि मी अलिबागेत छापखाना चालवतो. मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या बेटाच्या सातही गोष्टी माझ्याकडे छापल्या गेल्या. बेट प्रत्येक गोष्टीत तेच असे, किनाऱ्यापासून ओहोटीला चालत जाण्याइतकं जवळ. चार मुलगे तिथं जात, कधी गलबताचं मोडकं सुकाणू सापडे, कधी गोड्या पाण्याचा झरा. आणि प्रत्येक गोष्टीत मुलं मध्येच जेवायला बसत. माणूस भिडस्त, गोष्टी मात्र धीट. पहिलं हस्तलिखित घेऊन आले तेव्हा मी चेष्टेने म्हणालो, "दाजी, मुलं चार आणि पानं पाच? हिशेबाच्या तासाला झोपला होतात काय?" ते हसले नाहीत. "पाचच असू देत," म्हणाले.

माझी चूक झाली ती तिथंच. जेवणाच्या प्रसंगाशेजारी समासात त्यांनी चित्रकारासाठी लिहिलं होतं, 'पाचवं पान रिकामं ठेवणे.' छापखान्यातल्या माणसाला पान म्हणजे एकच पान ठाऊक. मी पुस्तकाचं पाचवं पान कोरं सोडलं. मजकूर चौथ्यावरून उडी मारून सहाव्यावर गेला आणि सगळ्या प्रती तशाच बांधून रवाना झाल्या. दाजींचं पत्र आलं तेव्हा कपाळाला हात लावला. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, "तात्या, पान म्हणजे जेवणाचं हो. पण आता आलात तर बरं होईल."

मी मचव्याने गेलो. माफीची भाषणं वाटेत तयार केली होती, ती तशीच राहिली. दाजींनी वर्गातल्या मुलांच्या प्रती ओटीवर ओळीने मांडल्या होत्या, सगळ्या पाचव्या पानावर उघडून. कोरं पान दिसल्यावर मुलं त्यावर रेघोट्या ओढणारच, त्यात नवल नाही. पण प्रत्येक पानावर एकच चित्र होतं. परकर नेसलेली एक मुलगी, पाठमोरी, पुढ्यात पान घेऊन बसलेली. गोष्टीत मुलगी नाही. कुठंच नाही.

मी म्हणालो, "एकाचं बघून दुसऱ्याने काढलं असेल." दारात त्यांची एक विद्यार्थिनी उभी होती, कोळीवाड्यातली, सहा-सात वर्षांची. मी तिला विचारलं, ही कोण गं? ती माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघत म्हणाली, "ती तितंच हाय न्हवं. जेवतेय. तिचं अजून झालं न्हाय."

पंधरा दिवसांनी पालीहून एका शिक्षकाने तक्रार म्हणून एक प्रत मला परत पाठवली. पालीला समुद्र नाही, आणि दाजींना तिथं कुणी ओळखत नव्हतं. पाचव्या पानावर कोळशाने काढलेली तीच मुलगी होती. मी ती प्रत छापखान्यात ठेवू शकलो नाही. खरं सांगायचं तर भ्यालो. दाजींकडे पाठवून दिली. पुढच्या प्रत्येक पुस्तकात मात्र त्यांनी आपणहून सांगितलं, पाचवं पान कोरं सोडा.

गेल्या वर्षी त्यांच्या आजारपणात मी भेटायला गेलो, तेव्हा न विचारताच त्यांनी सांगितलं. दाजी बारा वर्षांचे असताना त्यांची धाकटी बहीण येसू, ते स्वतः आणि तीन चुलतभाऊ ओहोटीला समोरच्या खडपावर, समुद्रातल्या खडकाळ बेटावर, गेले होते. बरोबर दहीपोहे आणि केळीची पानं. येसू खाण्यात फार रेंगाळायची. बाकीचे उठले तशी तीही उठू लागली. "मी तिला खाली बसवलं, तात्या. आई म्हणायची तेच म्हणालो... पानात टाकायचं नाही. संपव, मग ये." मुलगे शिंपले वेचत पुढं निघाले. किनाऱ्यावर पोचून मागं पाहिलं तर वाट पाण्याखाली गेली होती आणि येसू पलीकडे पाठमोरी बसून जेवत होती. त्यांनी हाका मारल्या, पण वारा उलटा होता. पुढच्या ओहोटीला माणसं गेली, तेव्हा येसू नव्हती. "पान होतं. त्यात दाणा उरला नव्हता. सगळं संपवून निघाली असणार ती, मी सांगितलं होतं म्हणून." हे बोलताना त्यांचा आवाज शाळेत धडा वाचावा तसा सपाट होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. पन्नास वर्षं हा माणूस आपल्या पानात शीतही न टाकता उठत होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

सातव्या गोष्टीचं हस्तलिखित त्यानंतर आलं. त्यात मुलं चार आणि पानंही चारच. कोऱ्या पानाची सूचनाही नव्हती. मला वाटलं, आजारी माणसाचा हात चुकला. मी आपला शहाणपणा करून 'पाच' जुळवलं आणि पाचवं पान नेहमीसारखं कोरं सोडलं. मग ते कार्ड आलं.

समाचाराला गेलो तेव्हा वहिनी शांत होत्या. म्हणाल्या, "गेले त्या दुपारी मऊ भात मागितलान्. चांगला निम्मा जेवले आणि थांबले. मी म्हटलं, एवढा संपवा, तुम्हांलाच आवडत नाही टाकलेलं. तर माझ्याकडे बघितलंन् नाही. आपल्या उजव्या बाजूला बघत म्हणाले, 'राहू दे गं पानात. ऊठ. पाणी यायच्या आत जाऊ.' तिथं कोणी नव्हतं हो..."

मी परत आलो तो थेट छापखान्यात गेलो. 'पाच'चे शिशाचे खिळे काढून 'चार' जुळवलं आणि कोऱ्या पाचव्या पानावर पुढचा मजकूर ओढून घेतला.