बादशाह कुणाचा?

जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावात याकूबभाईंच्या रुमानाच्या खोड्या सगळ्यांना पाठ. चक्कीवाल्याच्या सायकलची हवा सोडायची, चिंचेवर चढून खालून जाणाऱ्याच्या टोपीवर चिंचोके टाकायचे. याकूबभाई विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. एकुलती एक पोर, त्यामुळं तक्रार आली तरी हसून सोडून द्यायचे.

मग त्यांनी पैदाशीसाठी माडग्याळी जातीचा मेंढा आणला. पोपटासारखं बाकदार नाक, अंगावर तांबूस ठिपके. नाव ठेवलं बादशाह. त्याला सकाळी मका, दुपारी हिरवागार घास, संध्याकाळी दूध. कामावरून आल्या आल्या "रुमी" अशी हाक मारणारे अब्बा आता "कुठाय माझा राजा?" म्हणत थेट गोठ्यात शिरायचे. रुमानाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अम्मी, त्याला एवढं दूध कशापायी?"

"तुझ्या वाटचं तू मांजराला पाजतीस, ते दिसतं मला," दिलशाद म्हणाली.

एकदा याकूबभाई मिरजेला गेले आणि बादशाहाला मखमली झूल घेऊन आले. रुमानाला आणलं काय, तर तांब्याच्या तारेचं रिकामं रीळ! ती रात्रभर फणफणली.

गावाबाहेर तात्याबा धनगराचा कळप उतरला होता आणि सकाळी तो पुढं निघणार होता. त्या कळपात बादशाहाला मिसळून द्यायचं, रुमानाने ठरवलं. अब्बा कामावर गेल्यावर तिनं दावं सोडलं. डांबरी रस्त्यापर्यंत बादशाह गुमान आला आणि मधोमध थांबला. ओढलं तर पाय रोवले. मागून ढकललं तर खालीच बसला. तिनं कान धरला, तर त्यानं तिच्या वेणीची रिबीन चघळायला घेतली. झटापटीत रुमाना पडली आणि गुडघा फुटला.

तेवढ्यात साताऱ्याची एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. शेवटी कंडक्टर दादासो खाली उतरले.

"कुणाचं गं हे?"

"ठाव न्हाई."

"मग दावं तुझ्या हातात कसं?"

रुमानानं दावं पाठीमागं लपवलं. दादासोंनी मेंढ्याच्या मानेपाशी हात नेला मात्र, बादशाहानं अशी धडक दिली की ते थेट गाडीच्या पायरीवर जाऊन बसले. तिकडं तात्याबाचा कळप माळाआड गेलासुद्धा.

"बस हितंच, मर!" म्हणत रुमानाने दावं फेकलं आणि ती घराकडं वळली. बादशाह उठला, अंग झाडलं आणि तिच्या मागं चालू लागला. ती पळाली, तोही पळाला. ती थांबली, तोही थांबला. एसटीतले लोक खिडक्यांतून हसत होते.

कुणीतरी फोन केला असावा. याकूबभाई मोटरसायकल दामटत आले आणि रस्त्यातच मेंढ्याचे खूर तपासू लागले.

"लागलं न्हाई न्हवं, राजा?"

"मला इचारा की!" रुमाना किंचाळली. "मलाबी गुडघा हाय! ह्यो आल्यापासनं तुमी मला रुमी म्हणून हाकबी मारली न्हाई. मी त्याला तात्याबाच्या कळपात सोडणार हुते!"

याकूबभाई तिथंच मातीत बसले. बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी गुडघा धुतला, खिशातला रुमाल बांधला.

"चुकलं गं, रुमी," ते हळूच म्हणाले.

त्यांनी तिला गाडीवर बसवून मेंढ्याचं दावं ओढलं. बादशाह हलेना. रुमाना उतरून पुढं झाली तेव्हाच हलला. याकूबभाई गाडी ढकलत दोघांच्या मागं घरी आले.

तेव्हापासून मेंढा पोरीचाच झाला. जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात याकूबभाई इस्त्रीचे कपडे घालून त्याला मैदानात घेऊन गेले, तर हा सगळ्यांसमोर बसला. रुमाना पुढं चालली तेव्हा उठला. टाळ्या तिला मिळाल्या. पेपरात फोटोही दोघांचाच आला, याकूबभाईंचा नुसता हात.

तो फोटो ते मोटारी दुरुस्तीच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतात आणि कुरकुरतात, "चारा मी घालायचा, अंघोळ मी घालायची आन् ह्यो जातोय हिच्या मागं."

परवा दिलशादनं पाहिलं. कुणी नाही असं बघून ते गोठ्यात बादशाहाला गूळ भरवत होते आणि विचारत होते, "खरं सांग, तिच्यात असं काय हाय रं?"