साहेबाकडं पाठ

आमची ही गेली त्याला अजून वर्ष झालं न्हाय. सून म्हणली, तिच्याविषयी काहीतरी लिहून ठेवा. माझी शाळा चौथीपत्तूर, ती पण अर्धी उर्दूत. लई काय जमायचं न्हाय. म्हणून एकच गोष्ट लिहितो. ती माझ्या भ्याची आहे.

निजामाच्या अमलात मी भूमच्या कचेरीत चपराशी होतो. हुजुरांना, म्हंजी तहसीलदाराला, पाणी द्यायचं, पेशीला आलेल्या माणसाला आत सोडायचं, एवढंच काम. पण खोलीतून निघताना हुजुरांना पाठ दाखवायची न्हाय. सलाम करायचा, मान खाली ठेवायची आणि उलटं चालत यायचं. टाचेला उंबरा लागला की मग वळायचं. माझ्या आधीचा चपराशी एकदा घाईत तोंड फिरवून निघाला, तर हुजुरांनी त्याच दिवशी त्याचा पट्टा काढून घेतला. तोच पट्टा माझ्या अंगावर आला. तो घालताना दर सकाळी मला त्या माणसाचं तोंड दिसायचं.

मग निजामाचं राज्य गेलं. तरी काही वर्षं जुनेच हाकीम होते, जुनीच रीत होती. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि घाटाकडचा एक साहेब आमच्याकडं आला. पेशकाराला अव्वल कारकून म्हणायला लागले. उर्दू बंद झाली. मी भिंतीला टेकून बघत होतो, ह्यात माझं काय बंद होतंय.

पहिल्याच दिवशी साहेबाला पाणी दिलं, सलाम केला आणि उलटा निघालो. दारातून अव्वल कारकून आत येत होता, त्याच्यावर आदळलो. पेल्यातलं उरलेलं पाणी त्याच्या धोतरावर.

साहेब म्हणाला, "हे काय चालवलंय तुम्ही? माणसासारखं सरळ चालत जा. परत असं केलंत तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मला कुठल्या हाकिमानं कधी 'तुम्ही' म्हणलं नव्हतं. शिवी दिली असती तर कळलं असतं, किती रागावलाय. तुम्हीचा काय अंदाजच लागंना.

बाहेर अव्वल कारकून धोतर पिळत म्हणाला, "गड्या, आता पाठीला डोळे लावून घे. जुनी माणसं काढायची म्हणतायत."

तो थट्टा करत होता का खरं सांगत होता, मला अजून ठावं न्हाय. माझ्या गावी, ईटला, परत जावं तर तिथं ना रान ना घर. दोन लेकरं होती.

घरी आलो, जेवलो न्हाय. हिनं विचारलं तेव्हा सांगितलं. तिला आधी हसू आलं, मग तिनं माझं तोंड बघितलं. उठली, माझा पटका स्वतःच्या डोक्याला गुंडाळला आणि बाजंवर जाऊन बसली.

"मी साहेब. आणा पाणी."

"अगं, लेकरं बघत्यात."

"बघू द्या. साहेबाला अगं म्हणता व्हय? आणा पाणी."

दिलं. ती म्हणली, "आता वळा आन् जावा." मी वळलो, पण पाय उचलंना. मानंवर कुणीतरी गार सुरी धरल्यागत वाटलं. परत तोंड तिच्याकडं केलं.

ती म्हणली, "अवो, लगीन झाल्यापून तुमच्या मागं चालते मी. बाजाराला जाताना तुमची पाठच बघते. काय वाईट न्हाय तिच्यात. जावा, मी बघतेय."

तिच्या त्या बोलण्यावर दारापत्तूर गेलो. मग परत. पटका सुटून तिच्या डोळ्यावर यायचा, तरी ती साहेबच राहायची.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या टेबलावर पाणी ठेवलं आणि वळलो. दार लई लांब दिसत होतं. मनातल्या मनात म्हणत होतो, बघतेय, ती बघतेय. उंबऱ्याशी पोचलो आणि मागून साहेब म्हणाला, "थांबा."

तिथंच माझा पट्टा गेला असं वाटलं. हात आपोआप बक्कलाकडं गेला.

"तांब्या राहिला तुमचा," साहेब म्हणाला.

माघारी जाऊन तांब्या उचलला. परत वळलो. परत तेवढंच चालायचं होतं, आणि भ्या जरासुद्धा कमी झालं नव्हतं. नोकरी पेन्शनीपत्तूर टिकली, पण खरं सांगतो, कुठल्याच साहेबाच्या खोलीतून मी बिनघोर बाहेर आलो न्हाय. दर वेळी तिला मनात बाजंवर बसवूनच वळलो.

तिला अग्नी दिल्यावर भावकीतला एकजण म्हणाला, आता चला, मागं वळून बघायचं न्हाय. सगळे वळले. मी तोंड चितेकडं करूनच उभा राहिलो. पोरानं दंड धरला. त्याला काय सांगू, मला भ्या कशाचं वाटतंय.

वळलो. मानंवर तेच गार वाटलं. जरा थांबलो, ती काही म्हणती का म्हणून. मग पोराचा हात धरून चालायला लागलो.