आंबा कुणाच्या बाजूला?

इतिहासाच्या प्रकल्पाचं माझं पहिलं बाड सरांनी दोन बोटांत धरून परत केलं. सगळं नेटवरून उतरवलेलं होतं. "घरी जा, माणसांना विचार आणि टिपणं चित्रांत काढ. ती तरी तुला ढापता येणार नाहीत," म्हणाले. हेही परत आलं तर नापास, अशी पुस्ती जोडली. सरांना माझी चित्रकला ठाऊक नव्हती. माझी माणसं खराट्यासारखी दिसतात.

विषय होता दाभोळहून मुंबईला जाणारी जुनी बोट. माझे आजोबा तिनेच चाकरीला गेले. त्यांचं ते जाणं पाहिलेली दोनच माणसं उरली होती, माझे बाबा आणि शेजारी राहणारे काका. सख्खे भाऊ. दोन घरांमधल्या दगडी गडग्यालगतच्या आंब्यापायी त्यांचा अबोला माझ्या जन्माआधीपासूनचा. आंबा वादळात केव्हाच आडवा झाला, अबोला मात्र ताठ उभा.

बाबा सांगत गेले, मी काढत गेले: खाडी, बोट, खराटा आजोबा, टेकाडावरचं घर, गडगा, आंबा. मग कागद काकांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून थेट आंब्यावर बोट ठेवलं.

"ह्यो तिकडं कशाला काढलास गो? आमच्या बाजूला व्हता."

माझीच पेन्सिल घेऊन त्यांनी आंबा आपल्या बाजूला ओढला. घरी बाबांनी तो खोडून पुन्हा आमच्या बाजूला आणला. फेऱ्या मारून माझे पाय दुखले, खोडून खोडून कागदाला भोक पडलं आणि बोट राहिली बाजूला. माझं डोकंच फिरलं. कागद गडग्यावर ठेवून दोघांना हाका मारल्या.

"आंबा गेला खड्ड्यात! आजोबा निघाले तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात, तेवढं दाखवा."

दोघांची बोटं एकदमच भोकाच्या कडेला टेकली.

"हितं. आंब्याखाली," बाबा म्हणाले.

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्यो रडत व्हता. मी हात धरून ठेवलेला, नायतर धावला असता बोटीमागं."

"मी नाय, तू रडत व्हतास," बाबा थेट काकांनाच म्हणाले.

बाबांना काकांशी बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला हसू आलं आणि रडूही. भोकाशेजारी मी दोन छोटे खराटे काढले, हात धरलेले.

सरांनी कागद उजेडाकडे धरला. भोकातून त्यांचा एक डोळा दिसत होता.

"इथे काय होतं?"

"आंबा, सर. त्यावरून दोघं अजून भांडतायत. पण आता समोरासमोर."