बाईंची गुणपद्धत

आस्थापना विभागाच्या प्रमुख असलेल्या आमच्या बाईंच्या तोंडून ‘छान’ हा शब्द कधी कोणी ऐकला नाही. काम मनासारखं झालं तर ‘ठीक’ म्हणायच्या, आणि आम्ही कारकून तेवढ्यावर खूश असायचो. राहायला डोंबिवलीला, पण ऑफिसात ठाण्यातल्या आमच्याही आधी हजर.

राबणारा आणि नुसती खुर्ची उबवणारा, दोघांना सारखीच पगारवाढ, याची त्यांना शिसारी यायची. म्हणून कामाप्रमाणे वाढ देण्याची योजना आखायला त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी त्यात जीव ओतला. त्यांचा भर एकाच कलमावर होता: ज्या लोकांची कामं त्या-त्या कारकुनाच्या टेबलावर येतात, त्यांना विचारूनच गुण द्यायचे. मोठ्या साहेबांनी नेमकं तेच उडवलं. “लोकांना काय कळतंय, बाई? गुण त्या-त्या विभागाचे साहेबच देतील.”

मग व्हायचं तेच झालं. ‘कशाला कोणाच्या पोटावर पाय द्या’ म्हणत प्रत्येक विभागाने आपल्या झाडून सगळ्यांना पूर्ण गुण दिले. दुपारी टेबलावर घोरणाराही उत्कृष्ट ठरला. कापले फक्त बाईंनी. माझे कापले, स्वतःचेही कापले. आमच्याच विभागात पेन्शनच्या टेबलावर बसणाऱ्या पेडणेकरचे सगळ्यात जास्त, कारण कोपरला राहणाऱ्या एका विधवेला तो वर्षभर खेपा घालायला लावत होता.

“सगळे वाटतायत, तुम्हालाच काय झालं ओ मॅडम?” पेडणेकर सगळ्यांसमोर म्हणाला.

“नियम मी लिहिला. मीच मोडू?”

त्या वर्षी ऑफिसच्या सत्यनारायणाचा प्रसाद बाईंच्या टेबलापर्यंत आलाच नाही. शिकलीसवरलेली माणसं शिऱ्याच्या द्रोणावरून सूड उगवत होती. मला त्या पूजेचीच किळस आली. माझा द्रोण मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अर्धा शिरा मला परत दिला.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या स्वतःच्या पेन्शनची फाइल पेडणेकरकडे गेली. परवा त्या बाहेरच्या बाकड्यावर लोकांत बसलेल्या दिसल्या. मी म्हटलं, “बाई, आत चला. मी बोलतो त्याच्याशी.”

“या सगळ्यांना नेणार असलास तर येते.”

तेवढ्यात पेडणेकर दारात आला. कोणाकडेही न बघता म्हणाला, “साहेब नाहीयेत, सही होणार नाही. उद्या या.”

बाईंनी शेजारच्या म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं आणि त्याच्याबरोबर जिना उतरून गेल्या.

बाईंच्या जागी आलेले साहेब आतच होते. पेडणेकरला यंदाचे पूर्ण गुण देत बसले होते.