शालीखालचं इंजिन

अहवाल सरांचा सत्कार ठरला की त्यांचा चेहरा पडायचा. सभागृहात टाळ्या वाजत आणि सर माझ्या कानाशी लागून म्हणत, "घ्या मास्तर, बुडालं काम. शाल म्हंजे नकारच हाय, नुसता उबदार."

'अहवाल सर' हे लोकांनी पाडलेलं नाव; खरं नाव सांगितलं तर आज बीडमध्ये फारसं कुणी ओळखणार नाही. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि सहकारी संघाच्या एका खोलीच्या अभ्यास केंद्रात येऊन बसले. नवं यंत्र आलं तर कुणाचं काम जाईल, त्या माणसाला काय शिकवावं लागेल आणि यंत्र वापरायचे नियम कुणी करायचे, हा त्यांचा विषय. त्यावर ते अहवाल लिहीत. संघ अहवाल वाचत नसे, सत्कार मात्र न चुकता करत असे. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा निदेशक. त्यांचं लिखाण वाचणारा बहुधा मी एकटाच, आणि मलाही ते अर्धंमुर्धंच कळायचं.

"यंत्र पुढं गेलं अन् नियम मागून आला, की नियमानं नुसता धुरळा खायचा," हे त्यांचं लाडकं वाक्य. टपरीवर, बँकेच्या रांगेत, कुठेही ऐकवत. एकदा लग्नाच्या पंगतीत नवरीचा मामा जिलेबी वाढत होता, त्याला थांबवून त्यांनी ऊस तोडणारा हार्वेस्टर समजावून द्यायला सुरुवात केली. मामा ताट धरून उभा, पंगत खोळंबलेली. शेवटी तो बिचारा म्हणाला, "सर, पंगत तरी उठू द्या की आधी."

दुष्काळाच्या वर्षी ऊसच नव्हता. आमचा सहकारी कारखाना बंद, पश्चिमेकडच्या कारखान्यांतही गाळप कमी, म्हणून मुकादमांनी ऊसतोडीच्या बऱ्याच टोळ्या नेल्याच नाहीत. नेकनूरकडची तोडकरी माणसं ऐन हंगामात घरी बसली. सगळ्यांनी कपाळाला हात लावला असताना सर तरातरा माझ्या वर्कशॉपमध्ये आले.

"मास्तर, कारखाना हार्वेस्टर घेणार हाय. ऊस आला की यंत्र येईल. आज मानसं रिकामी हायेत, कारखाना बंद हाय. आत्ताच शिकवा त्यांना. ज्यांनी ऊस तोडला, तेच यंत्रावर बसले पाहिजेत. न्हाईतर ही मानसं जाणार कुठं?"

इतकी साधी गोष्ट! सरांनी तीच अहवालात मांडली: आधी प्रशिक्षण, मग यंत्र, आणि चालक तोडकऱ्यांमधूनच घेण्याचा नियम. संघाचे आणि कारखान्याचे चेअरमनसाहेब एकच; ते भर बैठकीत म्हणाले, "सर, तुमचा अभ्यास लई दांडगा हाय. आपण ह्याच्यावर अभ्यासगट नेमू." आणि शाल मागवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सर मात्र हटणारे नव्हते. मोडीत निघालेल्या हार्वेस्टरचं इंजिन कुठूनसं मिळवून त्यांनी आमच्या आवारात आणून टाकलं. नेकनूरची माणसं एसटीने येऊ लागली. त्यांत रुक्मिण होती, लग्न झाल्यापासून हातात कोयता असलेली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, ह्याच्यावर बाया बसल्या तर चालतंय का?"

"यंत्राला कुठं कळतंय कोण बसलंय ते," सर म्हणाले. "कळतंय ते संचालकांना."

रेडिएटरला पाणी लागायचं आणि आमच्याकडे टँकर येईल तेव्हा येईल. सर आपल्या वाटच्या आंघोळीच्या पाण्याची कळशी स्कूटरवर दोन पायांत धरून आणत. इंजिनात धुरळा जाऊ नये म्हणून त्यांनी घरातल्या सत्काराच्या सगळ्या शाली त्यावर पांघरल्या. "आज कुठं कामाला आल्या," म्हणाले आणि कधी नव्हे ते मोठ्याने हसले.

इंजिन मी शिकवलं. रुक्मिण तर आवाजावरून दोष सांगू लागली. पण हार्वेस्टर चालवायला शिकायचं तर हार्वेस्टरच लागतो, आणि त्याचा निर्णय कारखान्याच्या हातात. अभ्यासगट काही बसला नाही. पुढे पाऊस झाला, ऊस उभा राहिला, आणि यंत्र आलं ते बाहेरचे चालक बरोबर घेऊनच. आमची माणसं बांधावर उभी राहून बघत होती. सर त्यांच्याशेजारी. मला आजही त्या दिवसाचा संताप येतो. कुणाच्या बापाचं काय जाणार होतं? एक ठराव करायचा होता, हात वर करायचे होते.

त्यानंतरच्या थंडीत सर गेले. शोकसभा संघाच्याच सभागृहात झाली. फोटोला हार, फोटोवर शाल. चेअरमनसाहेबांनी सरांच्या नावाने कायमचा अभ्यासगट जाहीर केला. तेवढ्यात मागून रुक्मिण उभी राहिली.

"सायेब, गट नगं. दुसरं यंत्र येणार म्हणत्यात. त्याच्यावर आमाला शिकू द्या. सर येवढंच मागत हुते."

चेअरमनसाहेबांचे डोळे खरोखर पाणावले. "वा! ही सरांनी घडवलेली लेक हाय," असं म्हणून त्यांनी शिपायाला खूण केली आणि एक नवी कोरी शाल तिच्या खांद्यावर घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात काही उचलले गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने रुक्मिण वर्कशॉपमध्ये आली. इंजिनावरच्या जुन्या शाली तिने एकेक करून झटकल्या, पुन्हा पांघरल्या आणि सगळ्यांत वर आपली टाकली.

"न्हाई म्हणाले ते, मास्तर," ती म्हणाली. "आता म्होरं कुणाकडं जायचं, ते सांगा."