त्याला न कळणारी शिवी

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही! मी आणि माझी मैत्रीण मृणाल जपानी शिकतो. क्लासमध्ये एक शब्द मिळालाय, 'मित्तोमोनाई'. म्हणजे चारचौघांत बघवणार नाही असं लाजिरवाणं वागणं. बसस्टॉपवर आमचा खेळच झालाय. कोणी पचकन थुंकलं, "मित्तोमोनाई!" कोणी नाकात बोट घातलं, "मित्तोमोनाई!" आणि खी खी हसायचं. कुणाला काय कळतंय!

आज तिथेच एका माणसानं, बस चुकली म्हणून, बायकोच्या थाडकन कानाखाली मारली. मग केस धरून तिचं डोकं खांबावर आपटलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. आणि ती काय पुटपुटली? "अहो, लोक बघतायत." लाज कुणाला वाटली बघा! त्याला नाही, तिला.

मी ओरडले. अगदी जीव खाऊन ओरडले, "मित्तोमोनाई!" साधं "ए, हात खाली घे!" तोंडातून निघालंच नाही.

तो गर्रकन वळला. "काय गं? काय म्हणालीस?"

"काही नाही, काका."

काका! मी त्याला काका म्हणाले! त्यानं तिला दंडाला धरून रिक्षात कोंबलं आणि निघून गेला. तिच्या एका पायातली चप्पल स्टॉपवरच राहिली.

घरी आल्या आल्या हे टाइप करतेय. तुमचं झालंय का असं? राग खराखुरा होता, पण समोरच्याला कळेल अशा भाषेत तो बाहेरच आला नाही?